गोळाफेक, दुखणारं कोपर आणि साडेसात मीटरला अडकलेला आकडा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बहीण नववीत, देवगड तालुक्यातल्या शाळेत, ३ किलोचा गोळा टाकते. उभ्याने ७.४० मीटर जातो आणि ग्लाइड करून (म्हणजे मागून सरकत येऊन) ७.६०, आणि सहा महिने झाले आकडा हलत नाही. पीटीचे सर म्हणाले हातात ताकद कमी पडतेय म्हणून रोज जोर (पुश-अप) मारायला सुरुवात केली, सराव संध्याकाळी किनाऱ्यावर, रविवारी वाडीतल्या पोरांबरोबर टेनिस बॉल क्रिकेट, आणि आता महिनाभर उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय. त्यात शाळेतून भालाफेकीलाही नाव द्यायचं चाललंय. तुम्ही विचारलंय की हाताची ताकद अजून कशी वाढवायची आणि कोपराला कुठला पट्टा बांधायचा.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्ग भागात शाळेच्या पोरांना फेकीचे प्रकार शिकवतो, बरीच वर्षं झाली, आणि हे चित्र ओळखीचं आहे. आकडा अडकणं आणि कोपर दुखणं या तुम्हाला दोन वेगळ्या तक्रारी वाटतायत, मला त्या एकाच मुळाच्या वाटतात. ती ३ किलोचा गोळा चेंडूसारखा फेकत असणार. व्हिडिओ नाहीये त्यामुळे खात्रीने नाही म्हणत, पण कोपराची नेमकी आतली बाजू, क्रिकेट खेळायची सवय, आणि ग्लाइडने फक्त २० सेंटीमीटर वाढणं, हे तिन्ही एकत्र आलं की माझा पहिला अंदाज हाच असतो. तसं असेल तर हाताची ताकद वाढवून तिचं दुखणं वाढेल, आकडा नाही वाढणार.

का ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं तुम्हाला स्वतःलाच सुचत जाईल.

हाताने जोर लावायच्या खेळातल्या हालचाली ढोबळमानाने दोन जातीच्या असतात. एका जातीत सांधे एकामागोमाग एक सुटतात, आधी पाय, मग कंबर, मग धड, मग खांदा, मग कोपर, सगळ्यात शेवटी मनगट, आणि प्रत्येक पुढचा भाग आधीच्यापेक्षा जास्त वेगाने जातो. बाउंड्रीवरून आलेला थ्रो, भाला, बेसबॉलची पिचिंग, व्हॉलीबॉलचा स्मॅश हे सगळे यात. हात वळणदार रेषेत जातो आणि शेवटी वेग प्रचंड मिळतो. दुसऱ्या जातीत खांदा, कोपर, मनगट जवळपास एकाच वेळी सरळ होतात, हात वस्तूच्या मागे राहतो आणि सरळ रेषेत पुढे जातो. बास्केटबॉलचा चेस्ट पास, बॉक्सिंगचा सरळ ठोसा, जोर मारताना जमीन ढकलणं, आणि गोळा. यात वेग कमी मिळतो पण जोर जास्त लावता येतो आणि दिशा हातात राहते. पहिलं फेकणं, दुसरं ढकलणं.

आता फेकणं इतकं वेगवान का होतं, तर शेवटच्या टोकाला वजन नसतं म्हणून. पुढचा पाय रोवला की कंबर थांबते, कंबर थांबली की तिच्यातली गती धडात जाते, धड थांबलं की खांद्यात, असं करत करत ती गती लहान लहान आणि हलक्या भागांत जात राहते आणि हलका भाग म्हणजे जास्त वेग. मधल्या एका क्षणी धड पुढे गेलेलं असतं आणि हात मागेच राहिलेला असतो, तेव्हा खांद्याच्या पुढचे स्नायू आणि शिरा (म्हणजे सांध्याचे बंध) ताणल्या जातात आणि तो ताण सुटताना हात पुढे खेचला जातो. बेसबॉल पिचरचा खांदा या वेळी सेकंदाला ७००० अंशांच्या आसपास वेगाने आत फिरतो, माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी ही एक. पण बघा, क्रिकेटचा बॉल १६० ग्रॅमच्या आसपास आणि साधा टेनिस बॉल ६० ग्रॅमपेक्षा कमी. तुमच्या बहिणीच्या हातात ३ किलो आहेत, म्हणजे जवळजवळ १९ क्रिकेट बॉल एकत्र. एवढं वजन टोकाला असलं की हाताचा पुढचा भाग सुसाट सुटत नाही, तो मागेच अडकतो, आणि धड तर पुढे चाललेलं असतं, मग मधला जो सांधा आहे तो बाजूला उघडायला बघतो. तो सांधा म्हणजे कोपर, आणि उघडतो ती आतली बाजू.

बांधकामावर गवंड्याला वर चिरा देणारा माणूस आठवा. चिरा छातीजवळ, गुडघे वाकलेले, आणि उठता उठता दोन्ही तळवे चिऱ्याच्या खाली. कानामागून भिरकावून चिरा वर द्यायचा विचारही तो करत नाही, कारण वजन हातात आलं की शरीर आपोआप त्याच्या खाली आणि मागे जातं. ३ किलो मात्र मधलं वजन आहे, इतकं जड नाही की फेकता येऊ नये, इतकं हलकं नाही की फेकून चालावं. त्यामुळे क्रिकेट खेळलेली मुलं त्याला नकळत चेंडूसारखंच हाताळतात, ७ मीटरपर्यंत जातंही, आणि म्हणून चूक बरेच दिवस कोणाच्या लक्षात येत नाही. चांगला हात असलेल्या पोरांमध्ये हे जास्त दिसतं.

थोडा आकड्यांचा हिशोब करून बघू, रफच आहे. साडेसात मीटर जाण्यासाठी गोळा साधारण ७.७ मीटर प्रति सेकंद वेगाने हातातून सुटायला लागतो. हा वेग शेवटच्या दीडेक मीटरच्या प्रवासात मिळतो असं धरलं तर गोळ्यावर सरासरी ८० न्यूटनच्या आसपास जोर लागतो, म्हणजे साधारण ८ किलो वजन पेलायला लागेल तेवढा, आणि ही सरासरी आहे, मधल्या एका क्षणी याहून बराच जास्त. आता हाताचा पुढचा भाग गोळ्याच्या बरोबर मागे, जोराच्या रेषेत असेल तर हा जोर हाडातून हाडात सरळ खांद्याकडे जातो, कोपराच्या आतल्या बाजूला काही त्रास नाही. पण हात आडवा पडला असेल, म्हणजे कोपर पुढे आणि गोळा मागे लटकतोय, तर तेच ८० न्यूटन २५ सेंटीमीटर लांबीच्या तरफेच्या टोकाला लटकतात आणि कोपर आतून फाकवायला २० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो, प्रत्येक फेकीला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीत त्या जागी हाडाची वाढीची पट्टी अजून पूर्ण जुळलेली नसण्याची शक्यता असते, आणि वाढत्या वयात ती पट्टी शेजारच्या शिरांपेक्षा कच्ची असते. म्हणून मोठ्या माणसाची शीर दुखावते तिथे मुलांचं हाडच ओढलं जातं.

त्यामुळे आधी दुखण्याचं बोलू, पट्ट्याचं नंतर. पट्टा बांधून दुखणं दबेल आणि ती फेकत राहील, ते मला नको आहे. दुखतंय तोवर फेकणं बंद. गोळा बंद, भाला बंद, क्रिकेटमधला थ्रो बंद, आणि जोर मारताना दुखत असेल तर तेही बंद. आतल्या बाजूच्या उंचवट्यावर बोट दाबल्यावर कळ येते का, सूज आहे का, हात पूर्ण सरळ होतो का, हे बघा. हात सरळ होत नसेल किंवा एखाद्या फेकीला आवाज होऊन एकदम कळ आली असेल तर थांबू नका, हाडाच्या डॉक्टरकडे नेऊन एक्स-रे काढा. नाहीतरी महिनाभर दुखतंय म्हणजे एकदा दाखवायलाच हवं. आणि आपल्याकडे कोणी ना कोणी सांगतंच की अमक्याकडे नेऊन हात ओढून बसवून आणा, चोळून आणा, तसं कृपा करून करू नका, वाढत्या हाडाला ओढाताण फार वाईट. दुखणं किती दिवसांत जाईल हे नेमकं काय दुखावलंय त्यावर आहे, कोणाला दोन-तीन आठवडे पुरतात, कोणाला काही महिने लागतात, ते डॉक्टर ठरवतील.

हे दिवस वाया जात नाहीत. उलट याच काळात मी पोरांचे पाय आणि कंबर तयार करून घेतो कारण गोळ्याचा जोर तिथूनच येतो. तोच हिशोब पुढे नेला तर ०.४ सेकंदात जवळजवळ ११५ जूल ऊर्जा गोळ्यात घालायची असते, म्हणजे ३०० वॅटच्या आसपास शक्ती. नववीतल्या मुलीचा एक हात एकट्याने एवढं देऊ शकत नाही, मांड्या आणि कंबर देऊ शकतात. शिवाय स्नायूचा एक स्वभाव आहे, तो जितक्या वेगाने आकसतो तितका त्याचा जोर कमी होतो. गोळ्याला पायांनी आणि धडाने आधीच वेग दिलेला असतो, त्यानंतर हाताची पाळी येते, म्हणजे हाताला आधीच पळणाऱ्या वस्तूला मागून ढकलायचं असतं. रोजचे सावकाश मारलेले जोर त्यासाठी तयार करत नाहीत. जोर वाईट नाहीत, खांदा भरतो, पण ५० जोर मारणारी मुलगी लांब गोळा टाकेल असं काही नाही. तुमच्या सरांचा हेतू चांगलाच आहे, फक्त औषध दुसऱ्या आजाराचं आहे.

आता तुमच्या ७.४० आणि ७.६० कडे येतो, माझ्यासाठी तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती हीच होती. ग्लाइड म्हणजे सर्कलच्या मागच्या कडेपासून सरकत येऊन आधीच थोडी गती घेणं. शिकलेल्या शाळकरी पोरांत ग्लाइडने उभ्यापेक्षा पाऊण मीटर, कधी मीटरभर वाढतं. हिचं २० सेंटीमीटर वाढतंय, म्हणजे सरकत आणलेली गती मध्येच कुठेतरी सांडतेय. बहुतेक वेळा दोनच जागा असतात. एक, उजवा पाय मध्यावर पडल्यावर ती थांबते, उभी होते, मग परत सुरू करते, म्हणजे प्रत्यक्षात उभ्यानेच टाकते. दोन, उजवा पाय पडता पडताच हात सुटायला लागतो, पाय आणि कंबर अजून मागे तोंड करून आणि हात अर्धा संपलेला. हाताचा रेटा एकदाच मिळतो, तो आधी खर्च झाला की नंतर पाय कितीही ढकलोत, गोळ्याच्या मागे हात नाहीच. क्रिकेटवाल्या पोरांत दुसरी गोष्ट हमखास असते.

ढकलणं म्हटलं म्हणून सगळं एका झटक्यात होतं असं मात्र समजू नका. गोळ्यातही क्रम असतोच, उजवी टाच बाहेर फिरते, गुडघा, मग कंबर समोर येते, मग छाती, आणि गोळा तोवर मानेलाच चिकटलेला. मग हात. फरक एवढाच की भाल्यात हात आणि धड यांच्यात मोठी फट पडू द्यायची असते, गोळ्यात शेवटच्या टप्प्यात खांदा-कोपर-मनगट एकत्र उघडतात आणि कोपर सतत गोळ्याच्या मागे, खांद्याच्या उंचीला, अंगठा खालच्या दिशेला. कोपर खाली पडलं की गोळा बाजूला घसरतो आणि तिथून फेकणं सुरू होतं. नियमही तेच सांगतो, गोळा खांद्यापासून एका हाताने टाकायचा, सुरुवातीला मानेला किंवा हनुवटीला टेकलेला किंवा अगदी जवळ हवा, हात त्या जागेच्या खाली येता कामा नये आणि गोळा खांद्यांच्या रेषेमागे नेता येत नाही. शाळेच्या स्पर्धेत पंच कधी कधी सोडून देतात, पुढच्या पातळीवर लाल झेंडा पडतो, म्हणजे फेक बाद.

आणि डावी बाजू. हिच्याकडे कोणी लक्षच देत नाही. उजव्या हाताने टाकणारीचा डावा पाय सर्कलच्या पुढच्या कडेला, स्टॉप बोर्डाजवळ घट्ट रोवला आणि डावा हात छातीजवळ खेचून थांबवला की डावी बाजू बिजागरीसारखी थांबते आणि उजवी बाजू तिच्याभोवती वेगाने येते. डावा गुडघा मऊ पडला तर सगळा जोर त्यात मुरतो. नीरज चोप्राचे भाल्याचे व्हिडिओ तिला दाखवा, भाला सुटायच्या आधी त्याचा डावा पाय कसा सरळ उभा राहतो तेवढंच बघायला सांगा. वेगवान बॉलरमध्येही तेच दिसेल. फेकणं असो की ढकलणं, पुढचा पाय दोघांना सारखाच लागतो.

किनाऱ्याबद्दल. आपल्या भागात सपाट जागा मिळणं मुश्कील, मैदान म्हणजे पावसात चिखल आणि उन्हाळ्यात दगड, म्हणून पोरं किनाऱ्यावर जातात, समजू शकतो. पण पाय जमिनीला जितका रेटा देतात तितकाच जमीन परत देते, आणि कोरडी वाळू देत नाही, पाय रुततो आणि रेटा वाळू सरकवण्यात जातो. मग शरीर शहाणपणाने पाय वापरायचं सोडतं आणि सगळं काम हातावर टाकतं. सहा महिने कोरड्या वाळूत गोळा टाकला तर हात-फेक होणं साहजिक आहे, त्यात मुलीची चूक नाही. ओहोटीला पाण्यालगतची ओली घट्ट वाळू चालेल, तिथे टाच फिरवून बघा, खड्डा पडत नसेल तर ठीक. कातळाच्या सड्यावर नको, पाय घसरतो आणि पावसाळ्यात शेवाळ असतं. सगळ्यात बरं म्हणजे शाळेच्या आवारात सिमेंटचा तुकडा असेल तिथे खडूने २.१३५ मीटर व्यासाचं सर्कल आखा आणि समोर मातीत पडेल असं बघा. शक्य असेल तर स्पर्धेआधी एकदा डेरवणच्या क्रीडा संकुलासारख्या ठिकाणी खऱ्या सर्कलमध्ये उभं करा, मातीत फक्कीने आखलेल्या गोलात शिकलेली मुलं सिमेंटवर पहिल्यांदा सरकली की घाबरतात, १० सेंटीमीटर उंचीचा स्टॉप बोर्डही बऱ्याच जणांनी आधी बघितलेला नसतो. बूट गुळगुळीत तळाचे, स्पाइक नको.

अंतर कशाने वाढतं याबद्दलही बऱ्याच गैरसमजुती आहेत म्हणून आकडे देतो. सुटण्याची उंची १.७५ मीटर आणि कोन ३७ अंश धरला तर ७.५ मीटर प्रति सेकंद वेगाला अंतर ७.३ मीटरच्या आसपास येतं, ८ ला ८.१, आणि ८.५ ला ८.९. म्हणजे अर्धा मीटर प्रति सेकंद वेग वाढला की ८० सेंटीमीटर. याउलट वेग तोच ठेवून कोन ४५ केला तर १० सेंटीमीटर कमीच होतं, ३२ केला तरी १५ च्या आतच कमी होतं. सुटण्याची उंची १० सेंटीमीटर वाढवली तर जेमतेम ८-९ सेंटीमीटर मिळतात. पुस्तकातला ४५ अंश जमिनीवरून सुटलेल्या वस्तूसाठी आहे, गोळा खांद्याच्या वरून सुटतो, शिवाय वर वर ढकलायला गेलं की गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काम वाढून वेगही पडतो, म्हणून मोठे खेळाडूसुद्धा साधारण ३५ ते ३८ च्या आसपास सोडतात. तेव्हा "वर टाक, वर टाक" ओरडू नका, ती वर टाकायला मागे झुकते आणि पायाचा रेटा तुटतो. वेग कुठून येईल एवढंच बघायचं.

दुखणं गेलं, डॉक्टरांनी परवानगी दिली, की मी सुरुवात कशी करीन ते सांगतो. आधी गोळा नाहीच. २ किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा मोठा, वजनदार चेंडू), दोन्ही हातांनी छातीपासून भिंतीवर, पाय खांद्याएवढे, गुडघे वाकवून उठता उठता ढकलायचा. दोन हात असले की कोपर आपोआप चेंडूच्या मागे राहतात, चुकीला जागाच नाही. पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यातही होतं. काही दिवसांनी तोच बॉल एका हाताने, दुसरा नुसता आधाराला, मानेपासून. मग गोळा, समोर तोंड करून, पाय समांतर, नुसता ढकलायचा, अंतर मोजायचंच नाही. मग बाजूला उभं राहून, मग पॉवर पोझिशन म्हणजे पाठ अर्धी मागे वळवून वजन उजव्या पायावर, आणि ग्लाइड सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरी किती दिवस, ते मुलीवर आहे, कोणी आठवड्यात पुढे जातं कोणाला महिना लागतो. घाई केली की जुना हात परत येतो, आणि तो सगळ्यात आधी येतो स्पर्धेच्या दिवशी, कारण टेन्शनमध्ये शरीर जुनीच वाट धरतं.

यात मी एक चाचणी घालतो, ती माझी आवडती आहे. बाकावर बसवून टाकायला लावा, मग उभ्याने, मग ग्लाइडने, तिन्ही मोजा. बसून आणि उभं यात फारसा फरक नसेल तर पाय कामच करत नाहीयेत, उभं आणि ग्लाइड यात फरक नसेल तर गती सांडतेय. हाताची ताकद खरंच कमी असेल तर तिन्ही आकडे लहान असतील पण त्यांच्यातलं अंतर बरोबर असेल, तेव्हा सरांचं म्हणणं खरं ठरेल आणि मग खुशाल जोर मारा, पण टाळी वाजवून मारतात तसे झटक्याचे. म्हणजे ताकद की तंत्र हा वाद घालत बसायला नको, टेप लावली की कळतं.

पकड बघा. गोळा तळव्यात नको, मधल्या तीन बोटांच्या मुळाशी, अंगठा आणि करंगळी बाजूने आधाराला. आमच्याकडे लाल मातीत हे तपासणं सोपं आहे, ओला गोळा मातीत लोळवायचा आणि चार-पाच फेकींनंतर लाल डाग कुठे आहेत ते बघायचं. मानेवर आणि बोटांच्या मुळाशी हवेत. तळवा लाल आणि मान स्वच्छ असेल तर गोळा मानेपासून लवकर सुटतोय आणि हातात लोळतोय. पावसात गोळा आणि हात फडक्याने पुसत राहा, हाताला खडूची पूड लावायला परवानगी आहे, मानेलाही चालते, हातमोजे चालत नाहीत.

क्रिकेटचं काय? मी बंद करा म्हणणार नाही, आमच्याकडच्या मुलींना खेळायला मिळतं तेच थोडं. पण कोपराला हे कळत नाही की हा थ्रो सरावाचा आणि तो गमतीचा, त्याच्यासाठी सगळ्या फेकी एकाच वहीत लिहिल्या जातात. तेव्हा आठवड्याच्या फेकी मोजताना रविवारच्या बाउंड्रीवरच्या थ्रोसुद्धा धरा. बरं झाल्यावरही काही दिवस तिला जवळ फिल्डिंगला उभं करा. आणि ज्या दिवशी गोळा त्या दिवशी क्रिकेट नको.

भालाफेकीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तुमच्या सरांनी तिचं नाव सुचवलं म्हणजे तिचा हात वेगवान असणार, आणि वेगवान हात, लांब हातपाय, अंगाने बारीक अशी मुलगी असेल तर तिची खरी स्पर्धा भालाच असू शकते. १८ वर्षांखालच्या मुलींचा भाला ५०० ग्रॅमचा असतो, तिथे जी सवय गोळ्यात चुकीची ठरते ती कामाला येते, हात मागे राहणं, धड पुढे जाणं, कोपर वर ठेवून शेवटी हात सुटणं. पण त्याचमुळे कोपरावर ताणही भाल्यातच जास्त, नीरजलाही २०१९ मध्ये कोपराचं ऑपरेशन करायला लागलं होतं. म्हणून या दुखण्यावर यंदा भाला नको, मला हे ठामपणे सांगायचंय, शाळेला एक नाव कमी पडलं तरी चालेल. पुढच्या वर्षी कोपर पूर्ण बरं असेल तर आधी बांबूच्या हलक्या भाल्याने उभ्याने सुरू करा. दोन्ही शिकायला हरकत नाही, फक्त एका दिवशी एकच, कारण एकात कोपर वस्तूच्या मागे ठेवायचं आणि दुसऱ्यात वस्तूच्या पुढे न्यायचं, नवशिक्या शरीराला एकाच संध्याकाळी हे दोन्ही सांगितलं की ते मधलंच काहीतरी करतं. आणि ते मधलंच काहीतरी आत्ता तिच्या कोपरात दुखतंय.

गोळ्याचं वजनही लक्षात ठेवा, १८ खाली ३ किलो आहे, पुढे महिलांचा ४ किलोचा होतो. म्हणजे आत्ता जे हाताने कसंबसं निभावतंय ते दोन-तीन वर्षांनी अजिबात निभावणार नाही. आपल्या सांगलीच्या सचिन खिलारीने पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये २०२४ ला गोळाफेकीच्या एफ-४६ गटात १६.३२ मीटर टाकून रौप्य घेतलं, त्या गटात एका हाताला व्यंग असलेले खेळाडू असतात. डाव्या हाताचा आधार नेहमीसारखा नसतानाही पाय आणि कंबर किती देऊ शकतात हे तिला त्याच्या फेकीत दिसेल, तिला जरूर दाखवा.

व्हिडिओ पाठवाल तेव्हा दोन काढा, दोन्ही स्लो मोशनमध्ये. एक तिच्या उजव्या बाजूने, कमरेच्या उंचीवर मोबाईल धरून, चार-पाच मीटर लांबून, डोक्यापासून पायापर्यंत सगळी दिसली पाहिजे. दुसरा बरोबर मागून, गोळा जातो त्या रेषेत. गोळा मानेपासून सुटतो त्या फ्रेमला थांबवून तुम्ही स्वतःच तीन गोष्टी बघा, कंबर समोर आलीय की अजून बाजूला आहे, कोपर गोळ्याच्या मागे आहे की खाली, आणि उजवा पाय जमिनीवर आहे की आधीच उचललाय. हे अर्थात दुखणं थांबल्यावर, नुसत्या व्हिडिओसाठी आत्ता एकही फेक करायला लावू नका, त्याऐवजी आधी कधी स्पर्धेत कोणी काढलेला असेल तर तोच पाठवा, मला तेवढा पुरेल.